एका संध्याकाळपुरती भाची

काकूंच्या घराला पाळणाघर म्हणायची सोय नव्हती. जाफराबादेत नोकरीवाल्या बायका तशा मोजक्याच, आणि त्यांची लेकरं काकूंकडे असतात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं नाही, एवढं प्रत्येकाला कळत होतं. काकू अंबडकडच्या. जमीनजुमला असलेल्या, वर्षानुवर्षं एकाच गावात मान राखून असलेल्या घरातल्या. पोरांच्या शाळेसाठी काकांनी बिऱ्हाड इकडे आणलं आणि स्वतः कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटले. घराला हातभार म्हणून काकूंनी लेकरं सांभाळायला घेतली. मात्र त्यांच्या भावकीत हे कुणाला कळलं असतं तर नाकं मुरडून मुरडून मोडली असती. पैसे घेऊन परक्यांचे शेंबूड पुसते म्हणे, अमक्याची सून!

त्यामुळे आमच्या आया पैसेसुद्धा उघड देत नसत. माझी आई वाटीच्या तळाशी नोटा ठेवायची, त्यावर कागद आणि वर साखर. वाटी पदराआड धरून ती काकूंच्या दारात जायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काकू, परवाची उसनी साखर आणली हो." त्या गल्लीत दर महिन्याला एवढी उसनी साखर परत व्हायची की एखाद्याला वाटावं, काकूंचा साखर कारखाना आहे.

मी काकूंकडे सर्वांत शेवटपर्यंत राहणारं लेकरू होते. आई सरकारी नर्स. तिचं उपकेंद्र आडबाजूच्या गावात. जायला सकाळची एसटी, यायला जी मिळेल ती जीप. वडील दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. बाकीच्या लेकरांच्या आया उन्हं कलली की येऊन घेऊन जायच्या. मग त्या घरात मी, माझं दप्तर आणि काकूंचं कुणाचं नाव न घेता केलेलं बोलणं एवढंच उरायचं.

काकू आईला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या तव्याशी बोलायच्या. "आज बी गाडी बिघडली असंल," असं त्या तव्याला सांगायच्या आणि भाकरी जरा जोरात थापायच्या. मला समजायचं. मला वाटायचं, मी जर थोड्या लहान जागेत बसले, पाणी मागितलं नाही, तर काकूंच्या हे लक्षातच येणार नाही की मी अजून आहे. भूक लागलेली असायची. काकू ताट पुढे करायच्या तेव्हा मी "भूक न्हाई" म्हणायचे. त्या दोनदा म्हणायच्या, "खाय गं, तुझ्या वाट्याचंच हाय," आणि मग मी असं काही खायचे की जणू आठवड्याची उपाशी. खाताना पुन्हा लाज वाटायची. आई धापा टाकत दारात यायची आणि चपला काढायच्या आतच माफी मागायला लागायची. "काकू, आज परत..." तिचं वाक्य कधी पुरं होत नसे. काकू म्हणायच्या, "असू द्या नर्सबाई, लेकरू काय जड हाय का." आणि मी खाली बघत असायचे, कारण मला पक्कं माहीत होतं की मी जड आहे.

काकूंच्या मुलीला आम्ही सगळी ताई म्हणायचो. ती बारावी होऊन घरीच होती, माझ्या वेण्या तीच घालायची. तिला स्थळ आलं वडीगोद्रीचं. मोसंबीची बाग, हायवेला स्वतःचं दुकान, एकुलता एक मुलगा. काकूंच्याच नात्यागोत्यातून आलेलं. त्या आठवडाभर काकू हवेत होत्या आणि भीतीनं अर्ध्याही झाल्या होत्या, कारण नात्यातून आलेलं स्थळ म्हणजे नात्यातल्याच नजरा. घरातली लेकरांची अंथरुणं, दुधाच्या बाटल्या, दोरीवरची लंगोटं, सगळं माळ्यावर गेलं. आयांना सांगून झालं की पाहुणे येतील त्या दिवशी लेकरं दुपारीच न्यायची. माझ्या आईला काकूंनी वेगळं, हात धरून सांगितलं, "नर्सबाई, त्या दिवशी तेवढं जल्दी या. पोरीच्या जन्माचा सवाल हाय." आईनं देवाची शपथ घेतल्यासारखा होकार दिला. अर्धी रजा टाकते म्हणाली.

पाहुणे दुपारी यायचे होते. दुपार गेली. पोहे भिजवायचे की नाही यावर काका-काकूंचं दोनदा वाजलं. बाकीची लेकरं कधीच घरी गेली होती. आई आली नव्हती. उन्हं गेली, तेव्हा काकूंनी सुस्कारा टाकला आणि "न्हाई येत आता ते," असं म्हणून पदर सैल केला. ताईनं कानातले काढून ठेवले. मी कोपऱ्यात दप्तरावर बसून होते. मला खरं तर बरं वाटलं होतं. पाहुणेच आले नाहीत, म्हणजे आईचा उशीर कुणाच्या आड आला नाही.

आणि नेमकी दिवेलागणीला दारात जीप वाजली. टायर पंक्चर होऊन पाहुणे बदनापूरजवळ अडकले होते.

घरात जी धांदल उडाली ती उडाली. काकू मला हाताला धरून मागच्या दारानं शेजारी सोडायला निघाल्या, तर शेजारच्या घराला कुलूप. परत फिरेपर्यंत पाहुण्यांतली एक बाई, मुलाची चुलती, हातपाय धुवायला म्हणून थेट आत आलेली. ठसठशीत कुंकू, करडी नजर. काकूंनी मला पोटाशी धरलं आणि माझ्या कानात एका दमात सांगितलं, "तू माझ्या भावाची पोरगी. मला आत्या म्हणायचं. बाकी काईच बोलायचं न्हाई." मी मान हलवली. मला तेव्हा वाटलं, एवढ्या दिवसांच्या उशिराची परतफेड करायची संधी मिळाली. मी सहा-सात वर्षांची असेन, पण मला ताईच्या जन्माचा सवाल समजला होता.

चुलतीनं विचारलंच. "ही कोणाची गं?"

"भाची हाय," काकू म्हणाल्या. "भावाची. सुटीत आल्ती, राह्यलीया."

तेव्हा सुटी नव्हती. पण चुलतीला शाळेशी काय देणंघेणं? तिनं माझ्या गालाला हात लावला, तुझ्यासारखंच नाक हाय, म्हणाली. काकू ओशाळं हसल्या. मी मुद्दाम एकदा "आत्या, पाणी दे" म्हणून पाहिलं. काकूंनी पाणी दिलं. माझी छाती फुगली.

मग सगळे बाहेरच्या खोलीत बसले. ताई पोहे घेऊन आली. मुलगा खाली मान घालून बसला होता, त्याचा मामा शिक्षण, उंची, स्वयंपाक असलं विचारत होता. चुलतीनं मला शेजारी ओढून बसवलं होतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. चुलती ताईकडे बघून हसलीसुद्धा होती. काकूंच्या चेहऱ्यावर मला प्रथमच जरा रक्त दिसलं.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. मी न बघताच ओळखल्या.

आई दारात उभी राहिली. पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर चिखल, खांद्याला दवाखान्याची बॅग, केस सुटलेले. "काकू, आज परत..." म्हणाली आणि बैठक बघून तिचे शब्द तोंडातच राहिले. काका पोह्यांत बघत बसले. काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. आई पाहुण्यांकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिची नजर मला शोधत होती हे मला दिसत होतं; ती मी चुकवली.

चुलतीनं माझ्याकडे वळून विचारलं, "कोण गं ह्या बाई?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई. दवाखान्यातल्या असतील."

हे मी शांतपणे म्हणाले. आवाज कापला नाही, काही नाही. काकूंनी शिकवलं होतं त्याच्यापेक्षाही जास्त मी केलं. आजही मला त्या आवाजाचं आश्चर्य वाटतं आणि वाईटही वाटतं. इतकं सोपं होतं ते?

आईनं बॅगचा पट्टा नीट केला, आणि गावोगाव घरांच्या दारात उभी राहून ती ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "हो, दवाखान्यातून आले. घरात लहान लेकरं हायत का? डोस द्यायचाय."

काकूंनी नकारार्थी मान हलवली, पण चुलती काय गप्प बसणारी नव्हती. "ही एक हाय की," म्हणत तिनं मला दंडाला धरून पुढे केलं. "हिला पाजा."

आईनं माझ्याकडे बघितलं. अगदी कामाच्या बाईनं परक्या लेकराकडे बघावं तसं, वरपासून खालपर्यंत.

"ही मोठी हाय," ती म्हणाली. "हिला न्हाई लागत."

आणि पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर पाहुणे किती वेळ बसले, कोण काय बोललं, मला काही आठवत नाही. चुलतीनं मला एक लाडू दिला, तो मी हातात धरून बसले होते एवढं आठवतं. जाताना तिनं ताईच्या कपाळाला कुंकू लावलं, म्हणजे पसंती झाली होती. जीप वळणावरून दिसेनाशी झाली आणि काकू ताट वाढायला आत गेल्या. ताईनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी आईला शोधायला पळालो.

कोपऱ्यावरच्या बंद गिरणीच्या ओट्यावर ती बसली होती. बॅग मांडीवर घेऊन. पाहुणे जाईपर्यंत ती तिथंच बसली होती. मी काकूंकडे बसायचे तशी, अंग चोरून. ताईला बघताच ती उठली आणि आधी तिलाच विचारलं, "जमलं का गं?" ताई तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. आई तिची पाठ थोपटत म्हणाली, "बाळंतपण अडलं होतं. मी तर सकाळीच उपकेंद्रात सांगून ठेवलं होतं की मला आज जायचंय. पण लेकरू काय आपल्या सवडीनं येतं?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अन् आमची ही बया बघ किती हुशार निघाली! मला तर काईच सुचंना."

ती खरंच कौतुकानं म्हणाली. त्या आवाजात उपरोधाचा लवलेशही नव्हता. तो असता तर मला बरं झालं असतं. मी लाडू तिच्या हातात दिला. तिनं तो अर्धा करून मला परत दिला. सकाळच्या भाकरीनंतर तिनं काही खाल्लं नव्हतं.

काकू मागून ताट झाकून घेऊन आल्या होत्या. अंधारात गिरणीच्या ओट्यावरच त्यांनी आईला वाढलं आणि तिच्या पायाशी बसून रडल्या. "नर्सबाई, मी तुमच्याकडनं काय काय करून घेतलं!" आई म्हणाली, "मी वेळेवर आले असते तर कशाला ही पाळी आली असती तुमच्यावर." दोघी एकमेकींची माफी मागत राहिल्या. माझी माफी कुणी मागितली नाही, मीही कुणाची मागितली नाही. मी शहाणी ठरले होते.

लग्न उन्हाळ्यात वडीगोद्रीलाच झालं. काकू पत्रिका आणि अक्षता घेऊन आल्या, माझ्यासाठी झालरीचा फ्रॉक आणला होता. "सगळ्यांनी यायचं बरं का," म्हणाल्या; पण म्हणताना त्यांचं लक्ष जमिनीकडे होतं. चुलतीची नजर काकूंना माहीत होती. नर्सबाई आणि भाची एका ताटात जेवताना दिसल्या तर? आईनं अक्षता कपाळाला लावल्या आणि म्हणाली, "काकू, माझी त्या दिवशी ड्यूटी हाय. बिलकुल सुटी न्हाई मिळायची." काकू किती घाईनं "असू द्या, असू द्या" म्हणाल्या.

ड्यूटी नव्हती. आईनं त्या दिवसाची रजा आधीच मांडून ठेवली होती, ताईच्या लग्नासाठी साडीसुद्धा इस्त्री करून आणली होती.

त्या दिवशी ती सकाळपासून घरीच होती. मला आठवतं तेव्हापासून असा अख्खा दिवस ती मला पहिल्यांदाच मिळाली होती. तिनं शेवया केल्या. मला न्हाऊ घातलं, झालरीचा फ्रॉक घातला, कुठेच जायचं नसताना. दुपारी पुढ्यात बसवून वेण्या घालायला लागली. मी इतकी खूश होते की मला त्याचंही अपराधी वाटत होतं. तिकडे ताईच्या डोक्यावर अक्षता पडत असतील आणि आम्ही दोघी तिथं नाही, हे माझ्यामुळे, आणि मी मात्र मजेत.

वेणी घालता घालता आईनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि डोळे मिचकावून विचारलं, "काय गं, आता तरी ओळखतीस का मला?"

मस्करी होती ती. ती हसत होती. मी जे रडायला लागले ते थांबेचना. तिनं जवळ घेतलं, अर्धी वेणी सुटून गेली, "अगं बाई, गंमत केली, गंमत केली," असं ती म्हणत राहिली. किती तरी वेळानं तिच्याही लक्षात आलं की ही काही गंमत नव्हती. मग तिनं मला घट्ट धरून ठेवलं. ती मस्करी तिनं पुन्हा कधी केली नाही, आणि ओळखते, असं मी तिला त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं.