वळणदार अक्षराच्या मागावर

आहेराच्या पाकिटावरचं अक्षर माझं आहे, असं मी बायकोच्या मामांना सांगितलं. ते बायकोचं होतं. चूक एवढीच, पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत बरं अक्षर असलेला एकही माणूस मामांच्या हातून आजवर सुटलेला नाही, हे लग्नाला बारा वर्षं होऊनही मला ठाऊक नसावं, ही कमाल.

मामा ठाण्यात नौपाड्याला राहतात आणि दृष्टिहीन मुलांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणाऱ्या एका संस्थेचं काम करतात. मुलांनी उत्तर सांगायचं, लेखनिकानं जसंच्या तसं उतरवायचं. मोबदला म्हणजे मामांची पाठीवर एक थाप. पण मामा कुणाला ‘येता का’ असं विचारतच नाहीत. आधी अक्षर बघतात. खोपटच्या एसटी डेपोत शेजारच्याला म्हणणार, “चष्मा घरी राहिला हो, गाड्यांच्या वेळा जरा लिहून देता?” चष्मा खिशात असतो. कागद हातात पडला की तो बाहेर येतो, आणि महाडला निघालेला माणूस मार्चमधल्या तीन पेपरांना बांधला जातो. सोसायट्यांच्या गेटवरच्या वह्या तर ते वर्तमानपत्रासारख्या वाचतात. पार्सल पोचवून परतणाऱ्या एका बाईंना त्यांनी असंच जिन्याखाली गाठलं. डॉक्टरांना मात्र चिठ्ठी बघून म्हणाले, “औषध घेईन, तुम्हाला नाही घेणार.”

डोंबिवलीच्या एका लग्नात त्यांनी यजमानांना सांगितलं, “आतलं तुम्ही काढून घ्या, रिकामी पाकिटं मला द्या.” लोक आइस्क्रीम खात होते, मामा पाकिटं निवडत होते. आमच्या पाकिटाशी थांबले. “जावईबापू, हे तुमचं अक्षर?” भाचीला ते अजून फ्रॉकातलीच समजतात, तिला कशाला विचारतील! आणि सासरच्या माणसानं माझं काहीतरी कौतुकानं न्याहाळण्याची बारा वर्षांतली ही पहिलीच वेळ. मी “हो” म्हणालो.

शनिवारी तालीम ठरली. सायली कल्याणची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिचा लेखनिक तापानं आडवा, पेपर सोमवारी, आणि तो हुकला तर वर्ष जाणार. “लेखनिकानं अक्कल घरी ठेवून यायचं,” मामांनी मला बजावलं. “तुम्हाला ते जड जाणार नाही.”

ती सांगू लागली, मी लिहू लागलो. सह्यांपलीकडे काही न लिहिणारा माझा हात दहाव्या ओळीलाच आखडला.

“काका, मी आख्खं वाक्य बोलले,” सायली म्हणाली. “पेन अर्धंच वाजलं.”

उरलेलं अर्धं मी परस्पर आटोपतं घेतलं होतं. मामांनी कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. “परवा पेपर आहे हो तिचा,” एवढंच म्हणाले. मग मी खरं काय ते सांगितलं आणि तिथूनच बायकोला फोन लावला.

“माझ्या अक्षरावर तुझी मिजास होय?” ती म्हणाली. पण सोमवारी रजा टाकून गेली.

कॉलेजच्या पायरीवर मी आणि मामा बसून राहिलो. “पूर्वी मीच लिहायचो,” ते सहज बोलल्यासारखं म्हणाले. “दिवसाला दोन-दोन पेपर. आता हात कापतो.” मघापासून त्यांनी तो हात मांडीखाली का दाबून धरलाय, ते तेव्हा लक्षात आलं. “कुणाचं चांगलं वळण दिसलं ना, की वाटतं, हे आत बसायला हवं.”

बायकोचा हात धरून सायली बाहेर आली. “मामा, दोन पुरवण्या!” ती ओरडली. मामा इतके खुलले की मलाही राहवलं नाही. म्हटलं, “बघ, शेवटी माझ्यामुळे काकू मिळाल्या.”

तिनं माझ्या आवाजाकडे मान वळवली. “काका, शुक्रवारच्या पेपरला पण काकूच हव्यात. तुम्ही लिहिलं नाहीत ना, तीच खूप मदत झाली.”