अक्काच्या गाडीचे टायर

माझे वडील, आप्पा, चाकणला बैलगाडीची चाकं करत. मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे आणि वरून शेणींच्या आगीत लाल केलेली लोखंडी धाव. धावेवर पाणी ओतलं की ती आवळत जाई आणि सगळं चाक कुरकुरत घट्ट होई. त्या कुरकुरण्यावरून आप्पा सांगत, हे चाक कितपत टिकेल. मी तो धंदा धरला नाही. पिंपरीकडे तेव्हा नव्या कारखान्यांचे पाये खणले जात होते, मालमोटारी वाढल्या होत्या आणि चिंचवड स्टेशनाजवळ मोटार दुरुस्तीच्या एका शेडमध्ये मला काम मिळालं होतं. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून घरी यायचो. आई मी लहान असतानाच वारली होती. माझ्याहून बरीच मोठी असलेल्या अक्काने मला वाढवलं, मग तिचं लग्न झालं आणि ती मंचरकडे नांदायला गेली.

पावसाळा संपता संपता तिला परत आणून सोडलं. गाडीत कडबा पसरून त्यावर तिला निजवलं होतं. पाठ दुखते म्हणून ती वर्षभर सांगत होती आणि कामाचा कंटाळा म्हणून सासरचे वर्षभर ऐकत नव्हते. मेव्हण्यांनी तिला उचलून ओसरीवर ठेवलं, चहा घेतला, बैल जुंपले आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मणक्याचा क्षय आहे. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. इंजेक्शनं सुरू केली. समुद्रकाठी अशा रोग्यांसाठी एक छोटं इस्पितळ होतं, तिथं नेलंत तर आशा आहे, असं ते म्हणाले.

"पाय हलताहेत तोवर न्या," डॉक्टर म्हणाले. "पण सपाट निजवूनच. मोठा हिसका बसला तर पुढचं मी सांगू शकत नाही."

तिकडे रेल्वे नव्हती. एसटीत निजवून नेणं शक्य नव्हतं. आप्पा घरी आले आणि अंगणात टेकवून ठेवलेल्या नव्या चाकासमोर बराच वेळ बसले.

"माझं चाक हिसका देतं," ते म्हणाले. "दगडावर लोखंड. देनारच."

आपल्या चाकाविरुद्ध ते बोलताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

आमच्या आळीत कांद्याचे एक व्यापारी होते. त्यांच्याकडे लष्करातून निघालेली जीप होती. ते म्हणाले, मागे जोडायला काही करा, ओढायला जीप माझी. मग देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला त्यात आम्ही दोन चाकांचा एक ट्रेलर घेतला. लोखंडी पेटीसारखा होता. आप्पांनी वरचा पत्रा कापून टाकला आणि त्यावर लाकडाची खोली उभी केली. आत एक खाट, बाजूला पाण्याचा माठ अडकवायची खोबण, सोबतीच्या माणसाला बसायला फळी. खिडकी त्यांनी मुद्दाम खाली ठेवली, निजल्या निजल्या अक्काला बाहेरचं दिसावं म्हणून. ओसरीवरून ती सगळं बघत होती. "आप्पा, माझ्या रुखवतात असं काय न्हवतं," ती एकदा म्हणाली आणि आप्पा हसले. त्या घरात कुणी हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

राहिले टायर. ट्रेलरबरोबर आलेले टायर पार गुळगुळीत झाले होते, एकाला तर आरपार चीर होती. मला वाटलं, हे आपल्या हातातलं काम आहे. मी आप्पांना घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने आमच्या मापाचे दोन प्रकार दाखवले. एक रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला. दुसरा महायुद्धाच्या काळातला, पण कधी न वापरलेला. त्याची नक्षी इतकी धारदार होती की बोटाला टोचत होती.

"रिमोल्ड उन्हात सोलून निघतो, राव," दुकानदार म्हणाला. "हा घ्या. याने अजून रस्तासुद्धा पाहिलेला नाही."

आप्पांनी तो टायर मांडीवर घेतला. लाकूड तपासावं तसा ठोकला, वास घेतला, बाजूवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"तू सांग. मला यातलं काय कळत न्हाई."

मीही टायरची बाजू दाबून पाहिली. जरा कडक लागली, एवढंच. शेडमध्ये मी इंजिनं धूत होतो, टायरशी माझा संबंध पंक्चरपुरता. आमच्या मिस्त्रींना विचारलं होतं तर ते म्हणाले होते, नक्षी बघून घे. नक्षी होती. आम्ही तसलेच न वापरलेले दोन टायर घेतले.

अक्काला निजवण्याआधी रिकामी चाचणी करायची, असं आप्पांनी ठरवलं. खाटेवर तिच्या वजनाइतकी कांद्याची पोती ठेवली आणि व्यापाऱ्यांनी जीप आळंदीच्या रस्त्याला लावली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आप्पा मागे खोलीत. ऊन चढलं होतं. आळंदी जवळ आली तेव्हा बंदूक उडावी तसा आवाज झाला. जीप एका बाजूला ओढली गेली, मागून लाकूड फुटल्याचा कडकडाट आला. उतरून पाहिलं तर ट्रेलर कलंडून बांधाला टेकला होता, खोलीची एक भिंत उभी चिरली होती आणि कांदे रस्ताभर घरंगळत होते. आप्पा दारातून बाहेर आले. कपाळ फुटलं होतं. त्यांनी खाटेकडे पाहिलं. खाट उलटी होऊन भिंतीला लागली होती आणि पोती तिच्याखाली दबली होती.

फाटलेला टायर मी उचलला. नक्षी तशीच धारदार होती. पण बाजू दुमडली की तीत बारीक बारीक भेगा उघडत होत्या, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. रबर नुसतं पडून पडून मेलं होतं. ते वापराने झिजतं तसं वयानेही मरतं, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

आप्पा कांदे गोळा करू लागले. व्यापारी म्हणाले, राहू द्या हो. तरी ते वाकून एकेक कांदा उचलत राहिले. "यात ती आसती तर," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून आप्पांनी एकच धरलं. टायर नवेच पाहिजेत, कारखान्यातून निघालेले. मी म्हणालो, चांगला रिमोल्ड बघू, सावकाश नेऊ, सकाळच्या गारव्यात चालवू. त्यांनी मान हलवली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हलवली नसती. पण आमच्या मापाचे नवे टायर तेव्हा सहज मिळत नव्हते. पुण्याच्या मोठ्या दुकानात नाव नोंदवलं. दुकानातला माणूस दर खेपेला सारखंच सांगे, माल आला की कळवतो. मुंबईला जाणाऱ्या मालमोटारींच्या ड्रायव्हरांना मी सांगून ठेवलं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. आप्पांनी खोलीची भिंत नव्याने बसवली, मग दार बदललं, मग रंग दिला. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते रंधा घेऊन बसायचे आणि धार लावत राहायचे. गाडीचं चाक करायला कुणी आलं की म्हणायचे, "आत्ता न्हाई." लोक मग दुसरीकडे गेले.

होळीच्या सुमाराची गोष्ट. मी सुट्टीवर आलो होतो आणि अक्काजवळ बसलो होतो. ती मला शेडमधल्या गमती विचारत होती, तिथं जेवायला कोण घालतं, डाळ पातळ असते का घट्ट. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. टाचेवर मुंगळे लागले होते. चार-पाच असतील, कातडीत डोकं खुपसून बसले होते आणि रक्ताचा ओघळ चटईवर आला होता. अक्का बोलतच होती. मी हळूच हात नेऊन एकेक मुंगळा काढला. एकाचं डोकं आतच राहिलं. तिने विचारलं, "काय करतोस रं?"

"काही नाही. पांघरूण सारखं करतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे पाहायचा प्रयत्न केला. प्लास्टरमुळे पाठ तेवढी वाकत नव्हती. "आप्पांना सांगू नगंस," ती म्हणाली. म्हणजे पायाचं तिला आधीपासून माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

टायर आले चैत्रात. एका ड्रायव्हरने मुंबईहून आणले, कागदात गुंडाळलेले. आप्पांनी ते उघडले आणि अक्काला दाखवायला ओसरीवर घेऊन गेले. लहान मूल दाखवावं तसे दोन्ही हातांवर धरले होते. "बघ," ते म्हणाले, "मऊ हायेत." अक्काने हात लावला. "व्हय," ती म्हणाली, "लई मऊ हायेत." तिने आणि मी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. पण त्याच दुपारी तिला उचलून खोलीत ठेवताना आप्पांच्या हातात तिचे पाय लोंबले. त्यांनी ते परत नीट ठेवले, परत लोंबले. मग ते खाली उतरले, चाकांचे नट पुन्हा एकदा आवळले आणि व्यापाऱ्यांना म्हणाले, "चला."

तळेगावावरून गेलो, लोणावळ्याला थांबलो. घाट उतरताना मी खोलीत अक्काजवळ होतो आणि आप्पा फळीवर, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून. गाडी इतकी हळुवार जात होती की माठातलं पाणी डुचमळत नव्हतं. अक्काने डोळे मिटले होते. एकदा उघडून विचारलं, "आप्पा, आपन थांबलोय का?"

"न्हाई बाळा. घाटात हाय."

खालच्या खिडकीतून दरी दिसत होती. ती खूप वेळ बघत राहिली. वाटेत टायरने कुठेच दगा दिला नाही. एक पंक्चरसुद्धा झालं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून पाहिली, मग पोटरीला, मग मांडीला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि आप्पांना बाहेर बोलावलं.

"पाय जाऊन बरेच दिवस झालेत," ते म्हणाले. "आधी का आणलं नाही?"

"टायर मिळत न्हवते," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू लागलो, ट्रेलर, लिलाव, आळंदीचा रस्ता. दोन वाक्यांत माझ्याच लक्षात आलं की हे कुणाला सांगण्यासारखं नाही. डॉक्टर भले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले.

अक्का तिथे पुढच्या पावसाळ्यापर्यंत होती. व्हरांड्यात ओळीने खाटा होत्या, तिची शेवटची. पाठीला जखमा झाल्या, त्या भरल्या नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला तिने मला ओळखायला थोडा वेळ घेतला आणि मग माझं जेवण झालंय का ते विचारलं. ती गेल्याची तार आली तेव्हा रस्ते पाण्याखाली होते. आम्ही पोचलो तोवर तिथल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. वाट पाहणं शक्य नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

आप्पांनी तिथल्या आयाबाईंना विचारलं, "तरास झाला का तिला?"

बाईंनी पदराने हात पुसले. "कमरेखाली कायच कळत नव्हता त्यांना," त्या म्हणाल्या. "वर मात्र कळायचा."

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले. अक्काचं लुगडं आणि कंगवा असलेली पिशवी मांडीवर होती. चाकण आलं, सगळे उतरले, मी उतरून खाली उभा राहिलो. ते बसूनच होते. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चाकण." त्यांनी मान हलवली आणि तरीही उठले नाहीत. मग मी परत वर चढलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.