उभ्या गाडीची बॅटरी

आबांच्या ट्रकची बॅटरी उतरायची. आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् व्हायचं. मग आबा माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच येऊन करंट पिऊन गेले. मी त्यांची थोरली मुलगी. धुळ्याला एका आयटीआयमध्ये वायरिंग शिकवते, त्यामुळे घरातला मिक्सर बिघडला तरी दोष माझ्या शिक्षणाकडे येतो. हा तर अख्खा ट्रक होता.

गाडी जुनी, डिझेलची, माझ्या लग्नाआधीची. केळी, कापूस, मका, एकदा तर माझं रुखवतही तिने वाहिलं. आता आबांनी सत्तरी ओलांडली, भाडी कमी झाली आणि पिंप्राळ्यातल्या घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी उभीच जास्त असायची. खरं सांगते, ती जावी असंच मला वाटत होतं. समोरच्या गाडीचा उजेड आबांच्या डोळ्यांना सोसेनासा झाला होता. ते हे कबूल करत नव्हते आणि मी बोलले की चिडत होते.

त्या वर्षी आम्ही तीनदा गाडी तपासली. आबांच्या वयाचे एक वायरिंगवाले नाना आहेत, ते होल्डरला दोन वायरी जोडलेला आपला बल्ब घेऊन यायचे आणि मी माझं मीटर. मीटर आकडे सांगतं, बल्ब खरं सांगतो, हे नानांचं मत. थोडा करंट गळत असेल तर तुमचा बल्ब डोळासुद्धा उघडत नाही, हे माझं. पहिल्यांदा आम्ही डायनामो उघडून नीट केला. दुसऱ्यांदा बॅटरी नवी घातली. तिसऱ्यांदा सेल्फच्या वायरी बदलल्या. प्रत्येक वेळी किल्ली बंद करून, बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावलं, की आकडा शून्य. कुठेच गळती नाही. आणि दहा दिवसांनी पुन्हा टक्.

आबांची एक रीत होती. गाडीच्या कामाला हात घालायच्या आधी ते केबिनमधून देवी उतरवायचे. कुलदेवीची चौकटीतली तसबीर, तिच्या पायाशी छोटा लाल बल्ब. पाना सटकला की नानांच्या तोंडून जे काही निघायचं, ते देवीच्या कानावर पडू नये म्हणून आबा तसबीर बल्बासकट काढत, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून घरात नेऊन ठेवत आणि काम संपलं की परत लावत. मला त्यांची ही रीत फार आवडायची. तेवढा वेळ मी आणि नाना पायरीवर चहा पीत बसायचो.

तिसऱ्या दुरुस्तीनंतर माझं डोकं फिरलं. पुन्हा बंद पडली तर गाडी भंगारात, असं मी जेवताना सांगून टाकलं. आबा ‘बरं’ म्हणाले आणि भाकरी अर्धी टाकून उठले. गाडी पुन्हा बंद पडली. मीच भंगारवाल्याला बोलावलं. त्याने हातोडीने ठोकून चेसी बघितली, वाड्यात नेऊन गॅसकटरने तुकडे करू म्हणाला. आबांनी त्याला एवढंच विचारलं, की केबिनही कापता का. तो हो म्हणाला.

ठरल्या दिवशी मी सकाळी धुळ्याहून आले, तर आबा घरात नव्हते. किल्ली खिळ्याला अडकवून ते दाढी करायला गेले होते. त्यांची दाढी घरीच होते, मी समजायचं ते समजले. गाडी भंगारच्या वाड्यापर्यंत चालत जावी म्हणून आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून बसवली होती. भंगारवाला दुपारी येणार होता. करायला काही नव्हतं, म्हणून सवयीने मीटर लावलं.

आकडा शून्य नव्हता. जवळजवळ अर्धा अँपिअर करंट वाहत होता.

मी एकेक फ्यूज काढत गेले. सगळे संपले तरी आकडा हलेना. म्हणजे ही वायर फ्यूजच्या पेटीतून जातच नव्हती. बॅटरीपासून हाताने चाचपत निघाले. सीटखालून, चटईखालून, टेपच्या गुंडाळ्यांवरून वायर वर चढली आणि देवीच्या पायाशी थांबली. तसबीर त्या दिवशी जागेवरच होती. भंगारवाला आल्यावर मीच उतरवीन, असं आबांनी सांगून ठेवलं होतं. मी बल्बाची पिन काढली. मीटर शून्यावर आलं.

वर्षानुवर्षं तो बल्ब मी बघत होते. पण देवीच्या पुढचा उजेड मला कधी वीज वाटलाच नाही. आयटीआयमध्ये पोरांना मी रोज सांगते, आधी डोळ्यांनी बघा. स्वतःला चार थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

मी केबिनमध्ये बसून राहिले. पिन परत लावून गप्प बसले असते, तर दुपारपर्यंत सगळं आपोआप मिटलं असतं. आबा अंधारात गाडी चालवतात, ही माझी काळजीही मिटली असती. पण त्या सीटला आबांच्या पाठीचा आकार पडला होता आणि मला ते जमेना. मी तडक न्हाव्याच्या दुकानात गेले.

आबांचा अर्धा चेहरा फेसात होता. मी सांगितलं, देवीचा बल्ब बॅटरीवर थेट आहे, किल्ली बंद केली तरी तो जळतो आणि आपण गाडी तपासताना नेमका तोच काढून ठेवतो. आबांनी डायनामोचं विचारलं. चांगला आहे म्हटलं. सेल्फचं विचारलं. तोही चांगला. वस्तरा थांबला होता.

“ती वायर मीच जोडेल शे. रोज गाडी चाले तवय काही व्हये नही,” ते म्हणाले. मग आरशातून माझ्याकडे बघत, “मंग गाडीमा खोट नही, माय. उभी ऱ्हास, तीच खोट शे.”

भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवलं. आता आबा गाडी सोडणार नाहीत, हे मी मनाशी धरून चालले होते. पण आठवड्याने त्यांनी स्वतःच जामनेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याला फोन केला. त्याला रोजच्या मालाला गाडी हवी होती. तो आला तेव्हा मी शहाणपणा केला, बल्ब किल्लीवर घेऊन देते, किल्ली बंद केली की तोही विझेल म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. आबांनी मला हाताने गप्प केलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

“देवीले किल्लीवर नको ठेवजो. गाडी रोज काढजो, बस.”

त्या दिवशीही ते अर्ध्या जेवणावरून उठले. मीही उठले. गाडी जावी म्हणून वर्षभर भांडलेली मी, मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने रडून घेतलं.

मध्यंतरी एका लग्नासाठी आम्ही बसने जामनेरला चाललो होतो. समोरून आमची गाडी आली. भर दुपार होती, तरी काचेमागे तो लाल ठिपका मला दिसला. मी आबांना कोपराने ढोसलं, बल्ब चालू आहे म्हटलं. आबांनी बल्बाकडे पाहिलंच नाही. मान वळवून ते मागच्या चाकांवरचे, मालाच्या ओझ्याने दबलेले स्प्रिंगचे पाटे बघत राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

“भरेल शे,” ते म्हणाले.