मापाशिवाय शिवलेला कोट

दुकानात येईल त्याच्या अंगाला टेप लावणाऱ्या शिंपीमास्तरांनी स्वतःच्या बायकोचं माप कधी घेतलंच नाही. विचारलं की म्हणायचे, "तोंडपाठ आहे!" आणि हा ताठा काही उगीच नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात एक टाका उसवावा लागला नव्हता.

बाई शाळेत शिकवायच्या. पन्नाशीत मनावर घेऊन जुन्या विहिरींच्या बांधकामाचा अभ्यास सुरू केला. आता एका फार जुन्या विद्यापीठातल्या परिषदेत निबंध वाचायचं बोलावणं आलं आणि घरात नुसती लगीनघाई! धावपळ सगळी मास्तरांचीच. गाडीचं तिकीट त्यांनी काढलं. तिथल्या वसतिगृहात खोली मिळवली. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला आहे, फाटक लवकर बंद होतं, हेसुद्धा फोन करकरून विचारून घेतलं. दगडी भिंतींत गारठेल म्हणून लोकरी कोट शिवला. अर्थात, मापाशिवाय.

निघायच्या आदल्या दुपारी बाईंनी दुकानात येऊन तो अंगात घातला आणि मास्तरांचा चेहराच पडला. खांदे दंडावर उतरलेले, कमरेत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा.

"मी नाही जात," बाई म्हणाल्या. "फोन करून कळवून टाका."

"अगं, कोटासाठी?"

"कोटाचं काय घेऊन बसलात! तिथे सगळी मोठमोठी माणसं. माझी बोबडी वळेल. अजून कुणासमोर एक ओळ वाचलेली नाही मी."

निबंध ऐकता का म्हणून तिनं मागे विचारलं होतं की! तेव्हा मास्तरांनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नव्हती. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी टेप काढून तिच्या अंगाला लावली. किती वाळली होती ही! शाळा, स्वयंपाक आणि वर हा अभ्यास. रोज डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुकानाचं दार लावून ते कोट उसवायला बसले. "वाच. मला ओ की ठो कळणार नाही, पण वाच."

सुरुवातीला बाई कागदावरची नजर न उचलता वाचत होत्या. मग विहिरीच्या पायऱ्या आल्या आणि त्यांना मास्तरांचा विसरच पडला. हातवारे करत त्या दुकानभर फिरू लागल्या. बाहेरून कुणी दार वाजवलं.

"आज बंद आहे!" मास्तर आतूनच ओरडले.

वाचून झालं, तोवर शिवूनही झालं. मास्तरांनी कोट तिच्या खांद्यांवर चढवला. नेमका बसला.

"मग, करू फोन? येत नाही म्हणून सांगू?"

"वेड लागलंय का तुम्हाला? सकाळची गाडी आहे. आणि आता मध्ये बोलू नका, शेवटचं पान नीट झालं नाही."

मास्तर स्टूल ओढून तिच्या समोर बसले. या वेळी त्यांच्या हातात काहीच काम नव्हतं.