कोंबडीखालचे सदतीस अंश

५ नोव्हेंबर २००७. लवकर येणारा हलका धान कापायला आला होता आणि मी खळं सारवत होते. हात कोपरापर्यंत शेणात असताना धाकट्या दिराची मुलगी नवेगाव बांधच्या बसमधून उतरून थेट माझ्यासमोर उभी राहिली. खांद्याला पिशवी, एका हातात लाकडी पेटी आणि पोटाशी धरलेला थर्मास. चहा असेल म्हणून मी सासूबाईंसाठी मागितला, तर ती दोन पावलं मागे सरकली.

थर्मासात झाकण लावलेल्या बारा नळ्या होत्या. प्रत्येकीत खारं पाणी आणि त्यात भिजल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक, नखाएवढी चकती. नागपूरला ती औषधनिर्माणशास्त्र शिकत होती आणि हाच तिचा प्रबंध. अपघातात हाडाचा तुकडाच गेला, तर त्या खड्ड्यात हे जेल भरायचं. त्याच्या आधाराने नवं हाड वाढतं, आणि हाड भरेल तसं जेल विरघळून जातं. सासूबाईंनी विचारलं, कोणत्या जनावराचं आहे. कोणत्याच नाही, ती म्हणाली, प्रयोगशाळेत बनवलं.

"म्हणजे स्लॅबची सेंट्रिंग," मी म्हटलं. "फक्त काढायले मिस्त्री लागत नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

जेल किती हळू विरघळतं, हे तिला मोजायचं होतं. सहा आठवड्यांचं काम, त्यातले पाच झाले होते. तेवढे सगळे दिवस नळ्या माणसाच्या अंगाइतक्या गरम, म्हणजे सदतीस अंशांवर राहायला हव्या होत्या. दिवाळीमुळे कॉलेज आणि वसतिगृह दोन्ही बंद, म्हणून शेवटचा आठवडा घरी. त्या पेटीत बल्ब होता, तो गरजेप्रमाणे आपोआप लागे-विझे. हा आठवडा बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आणि प्रबंध एक सत्र, म्हणजे सहा महिने पुढे. शिष्यवृत्ती मात्र जानेवारीतच संपणार होती.

पेटी लावली आणि तासाभरात लाईट गेली. नागपुरात राहून पोरगी आमचं लोडशेडिंग विसरली होती. आमच्याकडे तेव्हा अर्धा दिवस लाईट नसायची. तिने नळ्या गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवल्या, थर्मामीटरचा पारा एकदम वर गेला. गार पाणी ओतलं, तो भलताच खाली आला. मग ती चुलीपुढे बसून रडायला लागली.

"रडून काय ते गरम होऊन राहिलं?" मी म्हटलं आणि तिच्या हातून थर्मामीटर घेतला.

गुरांच्या कोठ्याच्या कोपऱ्यात तणसाच्या टोपल्यात आमची खुडूक कोंबडी कालपासूनच अकरा अंड्यांवर बसली होती. मी थर्मामीटर तिच्या पोटाखाली सरकवला. हातावर दोन चोची बसल्या. साडेसदतीस.

पोरगी आकड्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मोठीआई, हे मले प्रबंधात लिहा लागंल."

"मग लिही. कोंबडी काय चोरीची आहे?"

तरी तिला धीर होईना. मोबाईलची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळायची. तिथे जाऊन तिने आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाई इतक्या हसल्या की मला बाजूला उभं राहून ऐकू आलं. तापमान सदतीस-अडतीसच्या मध्ये राहिलं तर चालेल, पण दिवसभर तासातासाला नोंद हवी, असं त्या म्हणाल्या.

चार अंडी काढून त्यांचं आम्ही कालवण केलं. नळ्या जुन्या पायमोज्यात घालून त्या जागी ठेवल्या. कोंबडीने मोजा उलटून पाहिला, नापसंती दाखवली आणि बसली. दिवसातून एकदा ती दाणे खायला उठायची. तेवढा वेळ सासूबाई शेकलेली गोधडी टोपल्यावर धरून बसायच्या आणि तिच्यावर ओरडायच्या, "लवकर खाय वो, पोरीची परीक्षा हाये." त्या दिवाळीला आमच्या घरी जो कोणी फराळाला आला, तो आधी कोठ्यात जाऊन आला.

आठवडा संपला. पोरगी नळ्या थर्मासात घालून पहिल्या बसने गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीवर गेलेल्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर तिचा निरोप आला, म्हणून मी घरचा मोबाईल घेऊन पाळीवर गेले आणि तिला फोन केला. चकत्यांचं वजन करून झालं होतं. आधीच्या पाच आठवड्यांच्या रेषेवर सहावा बरोबर बसला होता. एवढं ती एका दमात बोलली. मग आवाज उतरला. पहाटेच्या नोंदी नव्हत्या, तेव्हा ती झोपलेली असायची. पहाटेच्या गारठ्यात कोंबडी तेवढीच गरम राहते कशावरून, हे परीक्षक विचारणार.

"थर्मामीटर इथंच विसरली ना तू?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी हाताला फडकं गुंडाळून कोठ्यात गेले. अंगणात दव पडलं होतं. थर्मामीटर पोटाखाली सरकवला, शंभरपर्यंत मोजलं आणि कंदिलाजवळ धरून पाहिला. सदतीस पूर्णांक सहा. कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहिलं आणि मोबाईल घेऊन तिला कळवायला पाळीवर निघाले.