हरणाऱ्या गावाचा चहा
गवती चहाची पात कापली की मला अजून अल अमेरातचं ते धुळीचं मैदान आठवतं. मस्कतमधली आमची कोकणातली माणसं शुक्रवारी गावागावांच्या मॅच खेळायची आणि हरलेल्या गावाने सगळ्यांना चहा करून पाजायचा, असा रिवाज होता. त्या दिवशी समोर खाडीपलीकडचं गाव होतं. शेवटच्या बॉलवर माझ्या नवऱ्याने चौकार मारला आणि आम्ही जिंकलो! नाचून नाचून सगळ्यांचे घसे सुकले, तेव्हा शेगडी पेटवायची सोडून त्यांचा कप्तान ओशाळत माझ्याकडे आला. "वहिनी, आम्हीच जिंकणार होतो ना, म्हणून चहाचं सामान आणलंच नाही." आमचे खेळाडू खो खो हसले, पण सामान त्यांच्यापैकीही कुणी आणलं नव्हतं. मला तर चहाची तल्लफ आवरेना. मी गाडीची डिकी उघडली. आत दूध, साखर, चहा पावडर आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गवती चहाची पात. नवरा बॅट खांद्यावर घेऊन बघतच राहिला. "म्हणजे आपण हरणार, हे तू धरूनच आली होतीस?" पलीकडच्या गावाने त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी तेव्हा वाजवली. आजही घरात चहाला उकळी फुटली की तो आतून विचारतो, "काय गं, आज कोण हरतंय?"