मृगाच्या पायाखालचा ससा

मृग नक्षत्र शेंबड्या पोरालाही सापडतं. त्याच्या पायाखाली शशक नावाचा ससा आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला तोच हवा होता. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या सगळ्यांनी तो नाताळच्या सुट्टीत गावाला जाऊन पाहिला होता. मी एकटीच राहिले होते.

आम्ही मानपाड्याला राहायचो, रासायनिक कारखान्याच्या उशाशी. दिवेलागणीला गच्चीवर गेलं की कुजक्या अंड्यांचा वास नाकातून घशात उतरायचा. आईचे चांदीचे पैंजण काळे पडायचे. मला शिसारी यायची ती वासाची कमी आणि तो अंगवळणी पडलेल्या माणसांची जास्त. शेजारच्या काकू त्याच हवेत पापड वाळवायच्या आणि वर आम्हाला आग्रहाने वाढायच्या.

मृगाच्या पोटातलं तिकांडं, एका ओळीतले ते तीन तारे, कसंबसं दिसायचं. त्याखाली नुसता मळकट पट्टा. बाबा त्याच कारखान्यात ऑपरेटर होते. एकदा जेवताना मी विचारलं, वायू अंधार पडल्यावरच का सोडता?

"काळोखात धूर दिसत नाही," ते म्हणाले. "तक्रार कोण करणार?"

आणि त्यांनी आमटी भुरकली. 

पुढे त्याच थंडीत कारखान्यात संप झाला. काही दिवसांत हवा निवळली. बाबा दाढी वाढवून घरात बसलेले. मी त्यांना ओढतच गच्चीवर नेलं. मृगाच्या पायाखाली ससा होता, अंग चोरून बसलेला, पण होता. मी त्यांचं बोट धरून एकेक तारा दाखवला. कान कुठले, तेही त्यांनी विचारून घेतलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कारखाना सुरू झाला की हा जाणार, नाही का गं?"

मी हो म्हटलं. मला वेडीला वाटलं, आता काहीतरी बदलेल.

संप मिटला त्या संध्याकाळी काकू पेढे वाटायला आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने नाकाला पदर. "सुरू झालं हो एकदाचं," म्हणाल्या. पेढा तोंडात टाकला तर त्यालाही तोच वास. मी गच्चीवर गेले. तिकांड्याखाली पुन्हा मळकट पट्टा.

त्या संध्याकाळी वायू सोडणाऱ्या दुसऱ्या पाळीला बाबाच होते. ससा नेमका कुठे बसतो, हे आता त्यांना ठाऊक होतं.